पॅक

रात्री दोन ते चार काट्यावर गाडी येत नाही सहसा.
सळयांचे ट्रक अकराच्या आत वजन करून जालना सोडतात,
भंगाराचे उजाडल्यावर येतात.
मधल्या वेळात
वजनाच्या कॉम्प्युटरला टेकवलेल्या माझ्या फोनवर
आठ माणसं टेबलाभोवती बसतात
आणि मी आणि जब्बारचाचा त्यांचे पत्ते बघतो.

टेबलाच्या काठातच कॅमेरा बसवलाय.
खेळणारा पत्त्याची कड उचलतो, आम्हाला आख्खा पत्ता दिसतो.
"ही तं चोरी झाली की," चाचा पहिल्या रात्री म्हणाले.
दुसऱ्या रात्री त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

काळ्या चष्म्यातला माणूस चार मिनिटं विचार करतोय.
त्याच्याकडे दोन राजे.
समोरच्या पोराकडे किलवर सत्ती, चौकट दुर्री,
आणि गळ्यात उडणारी एक शीर.
कोपऱ्यात आकडा : ब्याण्णव टक्के, राजांच्या बाजूनं.
सांगावं वाटतं, अरे बाबा, काही नाही त्याच्याकडं.
तो पॅक होतो.
पोरगं पत्ते उलटेच सरकवतं, पाणी पितं,
घोट गिळताना मात्र थोडं अडखळतं.
चाचा मांडीवर थाप मारतात,
"गेला! राजे घेऊन गेला!"

मला टुर्नामेंट आवडते.
हजार लोक बसतात, एकेक उठत जातो,
ब्लाइंड चढत राहतात,
म्हणजे गप्प बसायचंही भाडं वाढत जातं.
हरलेला पाठीला बॅग अडकवतो, हात मिळवतो,
त्याची खुर्ची लगेच कुणीतरी उचलून नेतं.
शेवटी दोघंच. मग एक. मग कागदाचे तुकडे उडतात.

चाचांना ते पटत नाही.
"कामून बगायला ते? दहा लाखाची चकती म्हणं,
अन् बाहेर तिच्यात चहा येत न्हाई.
कॅशचा लाव."

कॅशमध्ये रबर लावलेल्या नोटांच्या विटा असतात.
माणसं खेळता खेळता नूडल्स खातात,
एकमेकांच्या बायकांची विचारपूस करतात,
सगळं गेलं तर खिशात हात घालतात
आणि त्याच खुर्चीत नव्यानं बसतात.
"याला शेवट कुठंय चाचा?" मी विचारतो.
"न्हाईच. दार उघडं हाय, कवाबी उठता येतंय,
अन् एक बी उठत न्हाई. तेच तं बगायचंय."

मग त्यांनी फोनचा आवाज स्वतःच बारीक केला.

बदनापूरला, दिवाळीत, कंदिलाच्या उजेडात
तीन पत्ती चालली होती, सगळे उठून दोघं उरले.
चाचांकडे एक्का, राजा, राणी, तिन्ही बदाम.
रंगनाथ खरातनं चाल दिली. पुन्हा दिली.
तिसऱ्यांदा मनगटातलं घड्याळ काढून ठेवलं.
चाचा पॅक.
रंगनाथनं पत्ते न दाखवता गड्डीत मिसळले
आणि घड्याळ पुन्हा मनगटात घातलं.

"बत्तीस साल झाले. रोज भेटायचा.
त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलं म्या.
एकदा इचारलं, तं नुसता हासला.
औंदा माघात गेला. दहाव्याला गेलतो.
ते घड्याळ पोराच्या हातात व्हतं,
बंद पडलेलं."

फोनवर कुणीतरी विटा पुढं सरकवत होतं.
कोपऱ्यातला आकडा बदलत होता.
चाचांनी फोनकडे बोट केलं.
"तवा असला कॅमेरा असता…"
आणि थोड्या वेळानं,
"न्हवता तेच बरं. बगून झोपलो असतो."

अवेळी एक ट्रक काट्यावर चढला.
मी खिडकी सरकवली.
ताडपत्री घट्ट आवळलेली,
पडद्यावर बेचाळीस टन तीनशे साठ.
आत काय ते ड्रायव्हरनं सांगितलं, मी लिहून घेतलं,
पावती फाडून दिली.

परत आलो तर खुर्ची आणखी पुढं सरकली होती.
"टुर्नामेंट लावू?"
"कॅशचाच," चाचा म्हणाले, "अन् ते टक्के
बोटानं झाकून धर जरा."